लढाईला जाताना पडदे कशाला नेले?

आज पंधराव्या शतकातल्या युरोपवरच्या व्याख्यानाला गेले होते. शेवटी माईक हातात आला तेव्हा बरगंडीच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या एका श्रीमंत राज्याच्या, दरबारातल्या सामानाबद्दल विचारलं. वक्ते म्हणाले, "ताई, भांडीकुंडी आणि पडदे म्हणजे इतिहास नव्हे." सगळे हसले. घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

काही वर्षांपूर्वी आईला स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयात नेलं होतं. तिथे बरगंडीचा ड्यूक फिलिप याचा १४६६चा भिंतपडदा आहे. गडद जमिनीवर दाटीवाटीने फुलं, मध्ये त्याचं राजचिन्ह. आई चष्मा वर करून एकेक फूल बघत होती. मी सांगितलं, फिलिपचा मुलगा चार्ल्स १४७६ मध्ये ग्रँडसनच्या लढाईत स्विसांकडून हरला, तळ टाकून पळाला, तेव्हा स्विसांना हे लुटीत मिळालं. आई म्हणाली, "अगं, पण लढाईला जाताना हे नेलंच कशाला?"

हाच तर प्रश्न आहे! नेलं, कारण चार्ल्सचा मुक्काम पडेल तिथे दरबार भरायचा. परक्या राजांचे वकील, म्हणजे दूत, तंबूतच भेटायचे. तो नुसता ड्यूक, राजाहून खालचा; त्याला राजा व्हायचं होतं, १४७३ मध्ये जर्मनीतल्या ट्रियरला तिथल्या बादशहाशी बोलणी फिसकटली, मुकुट हुकला. मग निदान तंबू तरी राजाचा दिसायला हवा ना?

आणि ती मांडणी! १४५७ मध्ये चार्ल्सला मुलगी झाली, मेरी. बाळंतिणीच्या खोलीत मौल्यवान भांड्यांची मांडणी होती, चार पायऱ्यांची. पाच पायऱ्या फ्रान्सच्या राणीच्या. पंधरा दिवस खिडक्या बंद, मेणबत्त्या अखंड तेवत. आत आलेल्या बाईने पायऱ्या मोजल्या की कोण कुणाच्या वर ते कळलं. हे एलिएनोर द प्वातिए या दरबारातल्या बाईने लिहून ठेवलंय. बाईने लिहिलं म्हणून ती भांडीकुंडी. तहाचा कागद पुरुषाने लिहिला की तो इतिहास. संताप येतो नुसता.

पडद्याने तोफ अडत नाही, मान्य. ग्रँडसननंतर पुढच्याच वर्षी चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला.

पण त्याच काळातला इतिहासकार कॉमिन लिहितो, ग्रँडसनला स्विसांनी चांदीची ताटं कथलाची समजून कवडीमोलाने विकली. ते वाचलं की मला त्या ताटांचं वाईट वाटतं. चार्ल्सच्या तंबूत त्यांच्याकडे बघून वकील आवाज खाली आणत असतील.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना पायऱ्यांचं सांगितलंस का?"

नाही सांगितलं. तोवर माईक पुढच्या रांगेत गेला होता.