शिमग्याच्या तोंडावर फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

शिमगा जवळ आला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. यंदाही आला, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी तो पुढे पाठवला. त्यात म्हटलंय की, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाधर्माला विरोध करण्यापलीकडे काही केलं नाही. तिने आणलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे उद्या कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेलं साकडं, कौल म्हणजे देवाला विचारून घेतलेलं उत्तर, आणि पालखी हे सगळं गुन्हा ठरेल. कायदा फक्त हिंदूंसाठी आहे. साप-विंचवाचं विष उतरवणारी जाणती माणसं या लोकांनी संपवली. आणि शहरातल्या संस्थेने गावकीत नाक खुपसू नये. मी सिंधुदुर्गात राहतो, समितीच्या शाखेचं काम करतो आणि ग्रामदेवतेच्या जत्रेलाही जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गाऱ्हाण्याचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये समिती सुरू केली आणि कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तो फार मोठा नाही, कुणीही वाचावा. गुन्हा कशाला म्हणायचं याची बारा कलमांची अनुसूची आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं, अशा गोष्टी त्यात येतात. कशाला हात लावायचा नाही, तेही कायद्यातच लिहिलंय: पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, हरिपाठ, इतकंच काय, नंदीबैलवाल्या जोश्याचा सल्लासुद्धा. मानकऱ्याने ‘बारा गावच्या, बारा वेशीच्या’ म्हणत गाऱ्हाणं घालावं, आपण ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं, देवीला कळे म्हणजे फुलांच्या कळ्या लावून कौल घ्यावा. यातलं काहीच गुन्हा नाही. अवसार येणं, म्हणजे अंगात देव येणं, हाही गुन्हा नाही. अंगात आल्याचं भासवून ‘माझं ऐकलं नाहीस तर तुझं वाटोळं होईल’ अशी भीती घातली, तर तो गुन्हा आहे. हा फरक शेंबड्या पोरालाही कळेल.

फक्त हिंदूंसाठी? या कायद्याखालचा पहिला गुन्हा नांदेडला नोंदला गेला. एड्स, कॅन्सर बरा करतो म्हणून औषधं विकणारे ते दोघे मुस्लिम होते.

आता विष उतरवणाऱ्यांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चार वर्षांपूर्वी भातकापणीत आमच्या शेजारच्या वहिनींना पेंढी उचलताना बोटाला फुरसं हा विषारी साप चावला. घरच्यांनी त्यांना आधी विष उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने पाला बांधला, मंत्र टाकला, ‘उतरलं’ म्हणाला. यात तीन तास गेले. संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी न हलवता टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. लगेच प्रतिविष सुरू झालं. वहिनी वाचल्या, पण अकरा दिवस दवाखान्यात होत्या.

मग मांत्रिकाकडे जाऊन इतके लोक बरे कसे होतात? कारण चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, नानेटी यांसारखे बिनविषारीच पुष्कळ, आणि विषारी सापही कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. ही माणसं नुसती घरी बसली असती तरी जगली असती. श्रेय मंत्राला मिळतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष आपल्याकडे आहे. विंचवाचं म्हणाल तर डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला बसून प्राझोसिन या गोळीने इंगळीच्या दंशाचे रुग्ण वाचवले आणि ते जगाला दाखवून दिलं. ते काम त्यांचं, समितीचं नाही. समितीने कायद्यात एवढंच आणलं की साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरावा. जाणता माणूस ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणाला, तर त्याला कोण अडवतंय?

राहिली गावकी. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको. दुकानात माल नाही, वाटेत बोलणं नाही, मयताला खांदा नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द केला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्या माणसाच्या हातात असा स्वतंत्र कायदाच नव्हता. २०१३ मध्ये समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली. रायगडातल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पुढे येत गेल्या, प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आमच्या तालुक्यात एक घर जमिनीच्या वादावरून वाळीत होतं. चार शिमगे पालखी त्यांच्या दारावरून पुढे गेली, आत आली नाही. घरातली आजी दरवर्षी ओटीचं ताट तयार ठेवायची आणि रात्री तोच नारळ देवापाशी फोडायची. आम्ही कायद्याची प्रत घेऊन त्या घरातल्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. गुन्हा नोंदवायची वेळ आली नाही. दोन्ही बाजूंना बोलावून कायदा वाचून दाखवला, गावकऱ्यांनी आपापसांत बैठक घेतली. त्या वर्षी ढोल त्यांच्या पाणंदीत वळले. पालखी अंगणात टेकली, आजीने ओटी भरली, आणि मानकऱ्याने त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घातलं.