सहा आकाशकंदील आणि एक फॉरवर्ड

मामेभावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला. 'एका भाषेची, एका संस्कारांची टीमच क्रिएटिव्ह असते. जपान बघा! मिश्र टीममध्ये वेळ भांडणात जातो. 10 हजार टीम्सच्या संशोधनातून सिद्ध.' एरवी मी सोडून दिलं असतं. पण या दादाचं पुण्यात डिझाइनचं छोटं ऑफिस आहे, आणि हे वाचून त्याने इंफाळच्या एका मुलीचा अर्ज बाजूला ठेवलाय. 'काम छान आहे गं तिचं, पण आपल्यात जमेल का?'

जपानचं आधी उरकते. तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचं संख्याशास्त्र शिकवायला 1950 साली डेमिंग नावाचा अमेरिकन गेला होता. 1951पासून तिथे त्याच्या नावाचं पारितोषिक देतात. पुढे.

संशोधन खरंय, फक्त अर्धं कापलेलं. स्टाल, माझनेव्स्की वगैरे मंडळींनी 2010मध्ये 108 अभ्यास, म्हणजे 10,632 टीम्स एकत्र तपासल्या. सांस्कृतिक विविधतेने मतभेद वाढतात, एकोपा कमी होतो, हे त्यात आहे. बरं, मान्य. मिश्र टीमची मीटिंग लांबते, हे मीही भोगलंय. पण क्रिएटिव्हिटी वाढते, हेही त्याच निष्कर्षात लिहिलंय! मेसेज ज्या मुद्द्यावर आहे, नेमकी तीच ओळ फॉरवर्डवाल्याने गिळली.

आणि कहर म्हणजे शेवटची ओळ: 'आपल्या माणसांना न बोलता कळतं, म्हणून कल्पना सुचतात.' न बोलता कळतं म्हणजे कुणी काही विचारतच नाही. गेल्या दिवाळीत दादाच्या ऑफिसातल्या बोर्डावर मिठाईच्या खोक्याची सहा जणांची सहा डिझाइनं टाचलेली होती. सहाच्या सहांवर आकाशकंदील. चौघांनी पणतीही काढलेली, दोघांनी नथवाली बाई. कुणी कुणाचं बघून काढलं नव्हतं, हे विशेष. क्लायंटने 'मागच्या वर्षीचंच छापा' म्हणून कळवलं.

दादा स्वतः संगीतकार सी. रामचंद्रांचा भक्त. पुणतांब्याचे हे चितळकर. 1951च्या 'अलबेला' सिनेमाच्या गाण्यांच्या वेळी त्यांच्या जोडीला गोव्याचा, जॅझमध्ये मुरलेला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. दोघांचे संस्कार एक असते, तर दादा गणपतीत नाचला असता कशावर?

हे सगळं त्याला लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, मग 'बघतो'. अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे.