एइबार या स्पॅनिश फुटबॉल क्लबला पैसे कमी पडतात म्हणून खाली ढकलणार होते, आठवतंय का कुणाला?

स्पॅनिश फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे बार्सा (बार्सिलोना) नाहीतर रियाल माद्रिद, तिथेच गप्पा संपतात, म्हणून आज एइबारबद्दल लिहायचंच असं ठरवलंय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

एइबार हे उत्तर स्पेनमधल्या बास्क भागातलं, गिपुस्कोआ प्रांतातलं गाव, वस्ती साधारण 27 हजार. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात बिल्डिंगा अक्षरशः एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पिढ्यानपिढ्या बंदुका बनवणारं गाव, त्यामुळे टीमला आजही 'आर्मेरोस' म्हणतात, म्हणजे बंदुकांचे कारागीर. पुढे त्याच कारखान्यांच्या जिवावर सायकली आणि शिलाई मशिनी बनायला लागल्या. स्पेनच्या यादवी युद्धात 1937 ला गावावर बॉम्ब पडले, खूप नासधूस झाली, आणि त्यानंतर तीनच वर्षांत, 1940 मध्ये, गावातले दोन जुने क्लब एकत्र येऊन हा क्लब उभा राहिला. घरं नीट उभी राहिली नसताना लोकांनी टीम उभी केली, हे मला फार मोठं वाटतं. 1947 पासून ग्राउंड एकच, इपुरुआ. शेजारच्या बिल्डिंगच्या बाल्कनीतून मॅच दिसते.

नंतरची कित्येक दशकं खालच्या डिव्हिजनमध्येच गेली. पुढे स्पेनचे स्टार झालेले शाबी अलोन्सो आणि डेव्हिड सिल्वा पोरगेले असताना इथे लोनवर (म्हणजे आपल्या क्लबकडून तात्पुरते उसने) खेळून गेले, ते सोडलं तर बाहेरच्यांना क्लबचं नावही माहीत नसेल.

आता मुख्य मुद्दा. 2013 ला टीम तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आली आणि लगेच पुढच्याच वर्षी कोच गाइस्का गारितानोच्या हाताखाली दुसरी डिव्हिजन जिंकून थेट ला लीगात, म्हणजे स्पेनच्या टॉप डिव्हिजनमध्ये! क्लबवर कर्ज नाही, सगळं हिशोबात. आणि तरी त्यांना सांगण्यात आलं की तुमचं भांडवल कमी आहे, सुमारे 17 लाख 24 हजार युरो आणखी उभे करा नाहीतर वर जाणं विसरा, उलट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जा. कारण काय तर 1999 चा सरकारी नियम, की क्लबचं भांडवल दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या 25 टक्के तरी पाहिजे. म्हणजे दुसऱ्यांनी वारेमाप खर्च करायचा आणि त्याची मोजपट्टी काटकसरीने राहणाऱ्याला लावायची. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, नियम कितीही चांगल्या हेतूने केलेला असो.

क्लबने काय केलं, तर एखादा धनाढ्य मालक शोधला नाही, शेअर काढले आणि कुणी एकाने क्लब ताब्यात घेऊ नये म्हणून प्रत्येकावर मर्यादा घातली. अलोन्सो, सिल्वा पाठीशी उभे राहिले, गावातल्यांनी घेतले आणि ज्यांनी इपुरुआ कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं अशा कितीतरी देशांतल्या लोकांनी घेतले. मुदतीच्या आत पैसे जमले. 24 ऑगस्ट 2014 ला ला लीगातली पहिली मॅच, समोर शेजारचाच क्लब रियाल सोसिएदाद, आणि हावी लाराच्या फ्री किकवर 1-0 ने जिंकले. आजही तो गोल बघताना अंगावर काटा येतो.

त्या सीझनला शेवटी टीम 18 वी आली, म्हणजे मैदानावर रेलिगेट झाली होती, खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होती. पण 13 व्या नंबरवरच्या एल्चे क्लबला थकबाकीमुळे खाली पाठवलं आणि एइबार वाचलं. नशीब म्हणणारे म्हणोत. मी म्हणेन, वर्षानुवर्षं उधारी न करता क्लब चालवला त्याचं हे फळ होतं.

तिथून सलग सात सीझन टॉप डिव्हिजन. कोच मेंदिलिबारची ती पुढे चढून समोरच्यांची दमछाक करणारी प्रेसिंग, 2017-18 ला नववा नंबर, आणि नोव्हेंबर 2018 ला इपुरुआवर रियाल माद्रिदला 3-0! नंतर वाढवूनसुद्धा साधारण आठ हजार लोक मावणाऱ्या ग्राउंडवर!

2021 ला खाली आले. 2022 ला शेवटच्या दिवशी आधीच रेलिगेट झालेल्या अल्कोर्कोनकडून हरले आणि थेट प्रमोशन (वरच्या डिव्हिजनमध्ये जाणं) हातातून गेलं, मग 2022, 2023, 2024 असं लागोपाठ तीनदा प्लेऑफच्या (वर जाण्याच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या मॅचेसच्या) सेमीफायनलमध्येच अडकले. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्या 2014 च्या उन्हाळ्यात ज्यांनी शेअर घेतले ते लोक आजही क्लबचे मालक आहेत, आणि मला विचाराल तर एइबारची सगळ्यात मोठी ट्रॉफी तीच.