मावशीला इजिप्तला जाऊ द्या

गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलं आणि व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागला. ‘तुतनखामुनची कबर उघडणारे सगळे वर्षभरात मेले. आता त्याची ममी या म्युझियममध्ये आणली आहे, आत जाल तर शाप घरी घेऊन याल. त्याचा खंजीर पृथ्वीवरचा नाही. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले आणि हे सगळं दडवायला परदेशी पैसा ओतलाय.’ माझ्या मावशीने निवृत्तीनंतर पै-पै साठवून इजिप्तची सहल ठरवली होती. हे वाचून ती बुकिंग रद्द करायला निघाली.

आधी ममीचं, म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या जपून ठेवलेल्या शवाचं. ती म्युझियममध्ये नाहीच. कबरीतला पाच हजारांहून अधिक वस्तूंचा खजिना तिथे एकत्र मांडलाय, सोन्याचा मुखवटाही आहे. पण राजा स्वतः लक्सरजवळ, राजांच्या खोऱ्यातल्या आपल्या कबरीतच आहे. एवढी साधी गोष्टसुद्धा मेसेज लिहिणाऱ्याने तपासली नाही.

आणि ‘सगळे मेले’? नोव्हेंबर १९२२ मध्ये कबर सापडली. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये कैरोत वारले, एवढं खरं. डास चावलेल्या जागी जखम झाली, ती चिघळली, रक्तात विष पसरलं. १९०३ च्या मोटार अपघातापासून त्यांची तब्येत तशीही नाजूक होती. त्यांनी बातमीचे हक्क लंडनच्या एकाच वर्तमानपत्राला विकले होते. बाकीच्यांना छापायला काही मिळेना, तेव्हा त्यांनी शाप उचलून धरला. शापाचा तसा लेख कबरीत कुठेही सापडलेला नाही. आता बाकीचे बघा. कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. अगदी सुरुवातीला आत शिरलेली कार्नार्व्हन यांची मुलगी एव्हलिन १९८० साली गेली. ममीचं शवविच्छेदन करणारे डॉक्टर डग्लस डेरी १९६१ साली. मार्क नेल्सन यांनी तर याचा रीतसर अभ्यास केला आणि तो २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. कबर, शवपेट्या किंवा ममी उघडताना हजर असलेले २५ जण त्यांनी तपासले. मृत्यूचं सरासरी वय ७० निघालं. हजर राहण्याचा आणि लवकर मरण्याचा संबंध सिद्ध झाला नाही. हे वाचूनही कुणाला एका वयस्क बाईला घाबरवायचं असेल, तर मला त्याचा राग येतो.

खंजिराबद्दल मात्र अर्धं मान्य करावं लागेल. त्याचं पातं उल्केतल्या लोखंडाचं आहे. २०१६ च्या तपासणीत निकेल आणि कोबाल्टचं प्रमाण तसंच निघालं. पण आकाशातून पडलेलं लोखंड ठोकून पातं घडवलं ते माणसांनीच.

पिरॅमिडचंही तेच. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरस, म्हणजे त्या काळचे लिहिलेले कागद, सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी गिझाला कसे पोचवले, ते दिवसागणिक लिहिलेलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी राबलेल्या त्या लोकांचं श्रेय परग्रहवासीयांना देऊन टाकायचं, हे मला सहन होत नाही.

परदेशी पैशाचं म्हणाल, तर जपानने म्युझियमसाठी मोठं कर्ज दिलं. त्याचे करार २००६ आणि २०१६ साली उघडपणे झाले.