शून्य आणि ‘माहिती नाही’ यांतील फरक: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या पोषणमूल्य शोधणाऱ्या टूलला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आणि सोबत जोडलेला लॉग, म्हणजे टूलशी झालेल्या देवाणघेवाणीची नोंद, मी ओळीओळीने वाचला. मधुमेह असलेल्या आईच्या जेवणातील कर्बोदकांचा हिशेब ठेवण्यासाठी आपण आपल्या एआय एजंटला (आपल्या वतीने टूल वापरून उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅमला) आमचे टूल जोडले होते. त्याने १०० ग्रॅम भातात ८० ग्रॅम कर्बोदके असल्याचे सांगितले, सफरचंदाची ऊर्जा शून्य दाखवली आणि एका संध्याकाळी तासभर उत्तरच दिले नाही, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्हींचा दोष आमच्याकडे येतो. आजारी माणसाच्या ताटाशी संबंध असलेल्या कामात असे घडायला नको होते. त्याबद्दल मी आपली आणि आपल्या आईंची मनापासून क्षमा मागतो.

आधी भाताबद्दल. लॉगमध्ये स्पष्ट दिसते की आपण मराठीत ‘भात’ असे लिहिले होते. पदार्थ शिजलेला आहे ही माहिती त्या एका शब्दातच होती, परंतु एजंटने शोधासाठी इंग्रजीतला ‘राइस’ हा शब्द पाठवला आणि त्यात ती गळून पडली. आमच्या टूलने मग यादीतली पहिली नोंद उचलली आणि ती कच्च्या तांदळाची निघाली. कच्च्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके आणि ३६५ किलोकॅलरी असतात, तर शिजताना पाणी शोषले गेल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके आणि १३० किलोकॅलरी भरतात. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक धोकादायक ठरू शकतो. याचे खापर मी एजंटवर फोडणार नाही, कारण टूल कसे वापरायचे हे एजंटला आमच्या वर्णनातूनच कळते आणि त्या वर्णनात आम्ही ‘पदार्थाचे नाव द्या’ एवढेच लिहून ठेवले होते. आता पदार्थ कच्चा की शिजवलेला हे कळवल्याशिवाय टूल आकडा देत नाही. ते स्पष्ट नसेल, तर जुळणाऱ्या नोंदींची यादी परत पाठवते आणि वापरणाऱ्याला विचारून घ्यावे असे एजंटला सांगते.

टूलने उलट प्रश्न न विचारता एकच उत्तर द्यावे, असे आपण अभिप्रायात म्हटले आहे. आपली अडचण मला समजते, पण या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. टूलने अंदाजाने उचललेला आकडा एजंटमागचे भाषा-मॉडेल (वाक्ये रचणारा प्रोग्रॅम) इतक्या सफाईने वाक्यात गुंफते की तो अंदाज होता हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

सफरचंदाची चूक मला अधिक लागली, कारण ती सर्वस्वी आमच्या कोडमधली होती. आम्ही माहिती अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ‘फूडडेटा सेंट्रल’मधून घेतो. तिथे प्रत्येक पोषक घटकाला क्रमांक असतो आणि ऊर्जेचा नेहमीचा क्रमांक १००८ आहे. ‘फाउंडेशन फूड्स’ या संचातल्या अनेक नोंदींत मात्र ऊर्जा २०४७ आणि २०४८ या क्रमांकांखाली येते. पहिल्यात प्रथिने व कर्बोदकांसाठी ४ आणि स्निग्ध पदार्थांसाठी ९ किलोकॅलरी प्रतिग्रॅम हे ॲटवॉटर या शास्त्रज्ञाचे सर्वसाधारण गुणक वापरलेले असतात, दुसऱ्यात त्या त्या पदार्थासाठीचे वेगळे गुणक. आमचे कोड फक्त १००८ शोधत होते आणि तो सापडला नाही की रिकाम्या जागी शून्य लिहीत होते. न सापडलेली गोष्ट शून्य मानणे हा हिशेबातला खोटेपणाच आहे, मग तो नकळत झालेला का असेना. आता टूल तिन्ही क्रमांक तपासते, कोणत्या पद्धतीचा आकडा आहे तेही सांगते आणि काहीच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून कळवते.

हे दुरुस्त करताना आणखी एक शून्य हाती लागले, ज्याबद्दल आपण तक्रार केलेली नाही. अमेरिकेतल्या लेबलच्या नियमांनुसार एका सर्व्हिंगमध्ये (एका वेळच्या ठरावीक प्रमाणात) अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी स्निग्ध पदार्थ असतील तर लेबलवर शून्य छापावे लागते. तव्यावर मारायच्या तेलाच्या फवाऱ्याचे सर्व्हिंग इतके लहान धरलेले असते की जवळजवळ निव्वळ तेल असूनही लेबलवर शून्य येते आणि तेच १०० ग्रॅमच्या हिशेबात मांडले तरी शून्यच राहते. त्यामुळे लेबलवरून आलेल्या प्रत्येक शून्याला टूल आता ‘लेबलवरील पूर्णांकित मूल्य’ अशी खूण जोडते.

संध्याकाळच्या खोळंब्याचे कारण साधे आहे. फूडडेटा सेंट्रलच्या एपीआयवर (प्रोग्रॅमना माहिती मागवण्यासाठी दिलेल्या दारावर) एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, तासाला १,००० विनंत्यांची मर्यादा असते आणि आमचे सगळे ग्राहक एकाच पत्त्यावरून जात होते, त्यामुळे ती मर्यादा संपली. तिथल्याच ‘एसआर लेगसी’ या जुन्या संचात २०१८ नंतर भर पडलेली नाही, म्हणून तो आम्ही आता आमच्याच सर्व्हरवर ठेवला आहे.

एक काम अजून बाकी आहे आणि ते आपल्याला माहीत असणे गरजेचे आहे. फूडडेटा सेंट्रलमधला कर्बोदकांचा आकडा वजाबाकीने काढलेला असतो, म्हणजे पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख (म्हणजे खनिजे) वजा करून जे उरते ते, आणि त्यात तंतुमय पदार्थही येतात. युरोपीय लेबलांवरच्या कर्बोदकांत ते धरलेले नसतात. हे दोन आकडे एकाच बेरजेत मिसळू नयेत अशी सोय टूलमध्ये अजून झालेली नाही. ती होईपर्यंत तंतुमय पदार्थांचा आकडा वेगळा मागवून घ्यावा आणि आईंच्या इन्सुलिनची मात्रा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या आकड्यांवरून ठरवू नये, ही विनंती. आपले या महिन्याचे शुल्क आम्ही परत केले आहे. तोच भाताचा प्रश्न पुन्हा विचारून पाहिलात आणि उत्तर चुकीचे आले, तर तो लॉगही मला पाठवावा.