'आम्ही' की 'आपण'?

परवा रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मशीनने केलेलं भाषांतर तपासायला आलं. शस्त्रक्रिया करायची की नाही यावर डॉक्टर रुग्णाशी बोलतायत. मशीनने लिहिलेलं वाक्य : 'पुढच्या भेटीत आम्ही ठरवू.' व्याकरणात चूक काढून दाखवा! पण शरीर ज्याचं, तोच त्या ठरवण्यातून बाहेर.

इंग्रजी 'वी'ला समोरचा माणूस आत की बाहेर हे सांगावं लागत नाही. मराठीत त्याशिवाय तोंड उघडता येत नाही. (तिसरं, आदरार्थी 'आपण' आहेच. ते आज नको.) मी 'आम्ही' खोडून 'आपण' केलं. त्यासाठी मागची दोन पानं पुन्हा वाचली. या कामाचे पैसे किती शब्द बदलले त्यावर मिळतात, त्यामुळे हिशेबात हा एक शब्द.

मशीनचं भाषांतर कसं तपासायचं यावर विद्यापीठांमध्ये चांगलं काम झालंय, म्हणूनच जास्त चिडचिड होते. २०१८ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दावा केला की चिनी बातम्या इंग्रजीत आणण्यात त्यांची यंत्रणा माणसाच्या बरोबरीला आली. त्याच वर्षी झुरिक आणि एडिंबरा विद्यापीठांतल्या लॉयब्ली, सेनरिश आणि फोल्क यांनी तीच भाषांतरं, मशीनची आणि माणसांची, व्यावसायिक भाषांतरकारांपुढे ठेवली. सुटी वाक्यं दिली तेव्हा अचूकतेत दोघांत ठरवण्याजोगा फरक दिसेना. अख्खा मजकूर दिला, तेव्हा माणसाचं भाषांतर सरस ठरलं. माझं 'आम्ही'सुद्धा सुट्या वाक्यात पास झालंच असतं की.

आणि मशीनच्या भाषांतराला गुण देण्याची पद्धत? आयबीएममध्ये तयार झालेली आणि २००२ साली परिषदेत मांडलेली 'ब्लू' ही मोजणी मशीनचे शब्द नमुना भाषांतराशी जुळतात का, एवढंच बघते. नमुन्यात 'घरी परतला' असेल आणि मशीनने 'घराकडे परतला' लिहिलं, तर गुण कापले. प्रत्यय शब्दालाच चिकटवणाऱ्या भाषेवर हा अन्यायच. त्यावर उपाय म्हणून पुढे अक्षरं जुळवून बघणाऱ्या मोजण्या आल्या, त्या थोड्या बऱ्या. पण 'आम्ही'च्या जागी 'आपण' हवं होतं, याची किंमत अक्षरं मोजून कशी कळणार?

मला खरा जीव वाटतो तो दुसऱ्या प्रकारच्या संशोधनात. कोपनहेगन बिझनेस स्कूलमध्ये १९९५ साली 'ट्रान्सलॉग' नावाचं सॉफ्टवेअर झालं. भाषांतरकार कुठली कळ कधी दाबतो आणि किती वेळ थांबतो, याची ते नोंद ठेवतं. थांबण्याचीसुद्धा नोंद! माझं निम्मं काम त्यातच होतं. आणि स्वीडनमध्ये सेसिलिया वाडेनशो यांनी दवाखान्यांतली, पोलिसांकडची दुभाष्यामार्फत झालेली संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. दुभाषी नुसते शब्द पोचवत नाही, कोणी कधी बोलायचं तेही बरंचसं त्याच्या हातात असतं, हे त्यातून पुढे आलं. रुग्ण गोंधळला की दुभाषी डॉक्टरला थांबवू शकतो. टेबलावर ठेवलेला, भाषांतर करणारा फोन बोलतच राहतो.

तेव्हा संशोधकांनो, गुणांचे तक्ते जरा कमी करा आणि त्या खोलीत जाऊन बसा. रुग्ण, डॉक्टर आणि मध्ये फोन. कोण कुठे गप्प झालं, कुणी न कळता मान डोलावली, घरी जाऊन गोळ्या कशा घेतल्या, ते लिहून काढा. वेळखाऊ आहे, मान्य. शोधनिबंधही कमी निघतील.

'आम्ही-आपण'चे असे घोळ तुमच्याही नजरेला पडले असतील तर खाली लिहा. मागचंपुढचं एखादं वाक्यही द्या, नुसतं सुटं नको. मी जमवतेय.