रिम जुळली म्हणजे टायर जुळला असं नसतंय ओ

आठवडाभर झालं एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. म्हणणं असं की ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद जाते अशा गाडीला, चारी टायर एकसारखे लागतात ही शोरूमवाल्यांनी उठवलेली आवई आहे, रिम जुळली की झालं, एक फाटला तर एकच घ्या, थोडा फरक असला तर गाडीचा कॉम्प्युटर बघून घेतो, आणि पुरावा काय तर "आमची थार तीन वर्षं अशीच पळतीय". चार टायरचा खर्च लई होतो, हे वाचून कुणालाही बरं वाटणार, मला कळतंय. पण ह्याच्यावर विश्वास ठेवून कुणाची गाडी बसू नये म्हणून लिहितोय.

आधी रिमचं. टायरवर २१५/६० आर १७ असं लिहिलेलं असतं त्यातला १७ तेवढा रिमचा. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६० म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के. ह्या टायरचा व्यास ६९० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच रिमवर २१५/५५ चढवला की ६६८. बसतो एकदम फिट, दिसतो पण सारखाच, पण चाक २० मिलिमीटरहून जास्त बारकं झालं.

बरं साइज तीच घेतली तरी नवा आणि झिजलेला ह्यात फरक राहतोच. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, जुना ३ वर आला असला तर दोन्ही बाजू धरून व्यासात १० मिलिमीटर गेले, म्हणजे बारकं चाक किलोमीटरमागं सहा-सात फेरे जास्त मारणार. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरा, दीड हजाराच्या वर फेरे जास्त झाले एका खेपेत.

मग मेसेजवाला म्हणतो वळणावर पण चाकं कमी-जास्त फिरतातच की. फिरतात, डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच, त्याच्यासाठीच असतं. पण सोलापुरात सात रस्ता चौकात गाडी वळवायला किती सेकंद लागतात? नंतर चाकं परत सारखी. टायरच कमी-जास्त असले तर सरळ हायवेवर ताशी १०० नं जाताना पण पुढचा आणि मागचा हिस्सा एकमेकांशी भांडत राहतो, एक सेकंद सुट्टी नाही. पुढचं आणि मागचं जोडणारा भाग म्हणजे कपलिंग, त्यात क्लचच्या प्लेटा असल्या तर त्या घासतात, व्हिस्कस म्हणजे घट्ट द्रवावर चालणारं कपलिंग असलं तर आतलं सिलिकॉन तापतं आणि ते घट्ट धरायला लागतं, ट्रान्सफर केसचं, म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या डब्याचं ऑइल जळतं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे खालून रस्ता पण भट्टीसारखा.

कॉम्प्युटरचा मुद्दा तर उलटाच आहे. त्याला टायर दिसत नाही, चाकाचा वेग दिसतो. एक जोडी सतत जास्त फिरतीय म्हटल्यावर त्याला वाटू शकतं चाक घसरतंय, की तो कपलिंग आवळतो, कोरड्या रस्त्यावर, गरज नसताना. गरज पडली तरच दुसरी जोडी जोडणाऱ्या सिस्टीममध्ये धोका कायमच्या ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा कमी हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

आणि थार. अहो ती रोज टू एच मध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर चालते, पुढच्या चाकांना ताकदच जात नाही मग कपलिंगला काय होणार? अशा पार्ट टाइम फोर व्हीलला, म्हणजे लागेल तेव्हाच चारी चाकं जोडणाऱ्या गाडीला, पुढच्या-मागच्या मधलं डिफरन्शियल नसतंच. तीच गाडी वेगळे टायर लावून फोर एच मध्ये, म्हणजे चारी चाकं जोडून, डांबरीवर चालवून बघा, नको, बघू पण नका.

माझ्या मावसभावाची गाडी जुनी ऑल व्हील ड्राइव्ह, मोहोळच्या पुढं टायर कापला, दुकानदारानं रिम बघून दुसऱ्या साइजचा चढवला. सहा महिन्यांनी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळायची, कुणीतरी ब्रेक धरल्यासारखी. कपलिंग गेलं होतं. बिल चार टायरच्या वर गेलं, बिचारा दादा दोन दिवस नीट जेवला नाही, म्हणून मला ह्या मेसेजचा राग येतो.

मेसेजमधलं एक मात्र बरोबर, साध्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला एका एक्सलवर सारखी जोडी असली तर ही भीती नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह असली तर चाक जॅकवर उचलून शिंप्याचा टेप टायरभोवती गुंडाळा, चारींचे आकडे लिहा. सुबारू ह्या जपानी गाड्यांच्या कंपनीवाले घेरात पाव इंचापेक्षा म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. एकच टायर गेला आणि बाकीचे नवेच असले तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक घेतला तरी चालतं. बाकीचे निम्मे झिजलेले असले तर तेवढाच झिजलेला त्याच मापाचा शोधा, नाहीतर चारी बदला. हवा चारींत मॅन्युअलप्रमाणं ठेवा, ८-१० हजार किलोमीटरला टायर पुढं-मागं फिरवून घ्या. आणि स्टेपनी बारकी असली तर फक्त पंक्चरवाल्यापर्यंत, हळू, तिच्यावर तुळजापूरला जाऊन यायचं नाही.